जंगल कुणाचंच नाही असं कायद्यात लिहिलं तेव्हा: ते उरेवेराचं प्रकरण

मे 2010. न्यूझीलंडमधल्या तूहोए नावाच्या माओरी जमातीची सरकारशी जुन्या अन्यायांच्या भरपाईबद्दल दोनेक वर्षं चाललेली बोलणी संपत आली होती. सह्या आता थोड्याच दिवसांत होणार असं सगळे धरून चालले होते आणि नेमकं तेव्हाच पंतप्रधान जॉन की यांनी जाहीर केलं की ‘ते उरेवेरा’ (यातला ‘ते’ नावाचाच भाग) नॅशनल पार्कची मालकी तूहोएंना मिळणार नाही. वर दोन-तीन दिवसांनी एका भाषणात त्यांनी विनोद मारला की मी शेजारच्या जमातीकडे जेवायला गेलो होतो ते बरं, तूहोएंकडे गेलो असतो तर माझंच जेवण झालं असतं. म्हणजे नरभक्षकांचा जोक, तोही ज्यांना आत्ताच तोंडावर नाही म्हणून सांगितलंय त्यांच्यावर.

चार वर्षांनी, जुलै 2014 मध्ये, त्याच जॉन की यांचं सरकार असताना संसदेने कायदा केला की हे पार्क आता नॅशनल पार्क नाही, सरकारच्या मालकीचं नाही आणि तूहोएंच्या मालकीचंही नाही. ते स्वतःच एक कायदेशीर व्यक्ती आहे, आपल्या जमिनीचं मालक आपणच. जगभर बातम्या आल्या, ‘जंगल झालं माणूस’ छापाच्या, आणि मीही तेव्हा ती हेडलाइन वाचून भारावलो होतो, खोटं कशाला बोलू. पण नंतर कायदा नीट वाचला, आधीचा इतिहास वाचला, तेव्हा लक्षात आलं की माणूस होण्याचा भाग या प्रकरणात सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. खरी गोष्ट आहे ती बोर्डावर कोण बसतं, प्लॅन कोण लिहितं आणि कुणाची सही नसली तर काम अडतं याची. त्यावरच लिहितोय.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे वसाहतवाद म्हटलं की साहेब आला, लुटलं आणि 1947 ला गेला, गोव्यातून पोर्तुगीज 1961 ला गेले. ऑफिसं, कायदे, पेन्शनच्या फायली मागे राहिल्या पण माणसं गेली. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथे माणसं गेलीच नाहीत, ती राहायलाच आली होती. आज ती बहुसंख्य आहेत, त्यांची पाचवी-सहावी पिढी तिथे जन्मलीय, जायला दुसरं घर नाही. त्यामुळे तिथे ‘परत जा’ हा उपायच नाही. मग उरतं ते एवढंच की त्यांनी उभारलेल्या संस्था, म्हणजे जमिनीचं कोर्ट, पोलीस, शाळा, वनखातं, पार्क, यांचं काय करायचं. हे प्रकरण त्यातल्या एका पार्कचं.

जागा आणि माणसं

ते उरेवेरा हे न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व भागातलं डोंगराळ जंगल. 2,127 चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण साडेतीन मुंबई मावतील एवढं. दक्षिणेकडे वाइकारेमोआना नावाचा मोठा तलाव, सतत धुकं. तूहोए स्वतःला धुक्याची लेकरं म्हणवतात, आणि हे टुरिझमवाल्यांनी चिकटवलेलं नाव नाही, त्यांच्या कथेत धुक्याची देवी आणि डोंगर यांच्यापासून त्यांचा वंश सुरू होतो. म्हणजे जमीन आपली आहे असं नाही तर आपण जमिनीचे आहोत अशी मांडणी. ते उरेवेरा या नावाचा अर्थ मात्र काव्यात्मक वगैरे काही नाही, एक पूर्वज झोपेत कुशीवर वळला तो शेकोटीत आणि नको तिथे भाजला, त्यावरून ‘जळालेलं लिंग’. सरकारी पाट्यांवर, नकाशांवर इतकी वर्षं हे नाव गंभीर चेहऱ्याने छापलं जातंय याची मला अजून गंमत वाटते.

1840 मध्ये ब्रिटिश क्राउन आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइतांगीचा करार झाला. क्राउन म्हणजे राजा किंवा राणी, पण तिथे बोलताना सरकारलाच क्राउन म्हणतात, मीही पुढे तसंच लिहितो. तर या करारावर तूहोएंनी सहीच केली नाही. त्यांच्यापर्यंत तो कागद गेलाच नव्हता. त्यामुळे त्यांचं म्हणणं कायम हेच की आम्ही सत्ता कुणाला दिलीच नाही तर तुमच्याकडे ती आली कुठून. याला त्यांचा शब्द आहे मना मोतुहाके, मराठीत जवळचा शब्द स्वराज्यच.

घेतलं कसं

1865 मध्ये ओपोतिकीला एका जर्मन मिशनऱ्याचा खून झाला. तूहोएंचा त्यात हात नव्हता. पण शिक्षा म्हणून क्राउनने 1866 मध्ये त्या पट्ट्यातली जमीन जप्त केली आणि त्या जप्तीच्या रेषेत तूहोएंची सपाट, सुपीक, समुद्राकडे जायची जमीन गेली. राहिला डोंगर. मग ‘ते कोटी’ नावाचा माओरी नेता कैदेतून निसटला आणि तूहोएंनी त्याला आसरा दिला, तेव्हा 1869 पासून पुढे दोन-तीन वर्षं क्राउनचं सैन्य डोंगरात घुसून घरं आणि उभी पिकं जाळत राहिलं. लोक उपाशी मेले.

हे सगळं क्रूर आहे पण सरळ आहे, युद्ध आहे. मला जास्त शिकायला मिळतं ते पुढच्या भागातून कारण तिथे बंदूक नाही, फॉर्म आहेत.

1896 मध्ये क्राउनने एक खास कायदा करून 6 लाख 56 हजार एकरांचं राखीव क्षेत्र तूहोएंसाठी ठेवलं. कागदावर हे जबरदस्त होतं. स्थानिक समित्या, त्यांच्यावर एक मुख्य समिती, जमिनीचा निर्णय त्या समितीच्या हातात, बाहेरच्याला विक्री करायची तर समितीमार्फतच. स्वराज्याच्या इतकं जवळ जाणारी कायदेशीर सोय तिथे माओरींना क्वचितच कुणाला मिळाली असेल. आणि मग क्राउनने काय केलं, तर मुख्य समिती उभी राहायलाच वर्षानुवर्षं लावली, ती झाल्यावर तिला बाजूला ठेवून एकेका माणसाचा हिस्सा थेट विकत घ्यायला सुरुवात केली, आणि हे बेकायदेशीर होतंय असं दिसल्यावर मागाहून कायदाच बदलून घेतला. ज्याचा सामाईक सातबारा आहे त्याला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. चाळीस हिस्सेदार, सगळ्यांना एकत्र बसवलं तर कोणी विकणार नाही, म्हणून बिल्डरचा माणूस एकेकाला गाठतो, एकाला दवाखान्याचं बिल भरायचं असतं, एकाला पोरीचं लग्न, आणि शेवटी उरलेल्यांना सांगतो की आता निम्म्याहून जास्त हिस्सा आमचाच आहे, बोला. इथे बिल्डर सरकार होतं आणि कायदा करायची पॉवरही त्याच्याच हातात होती.

1921-22 मध्ये ‘एकत्रीकरण योजना’ आली. विखुरलेले हिस्से एकत्र करून देतो म्हणाले, त्याबदल्यात सर्व्हेचा खर्च म्हणून जमीन कापली, रस्ते बांधून देतो म्हणून आणखी जमीन कापली. रस्ते झालेच नाहीत. 1958 मध्ये थोडे पैसे देऊन तो विषय मिटवला. राखीव क्षेत्रातला जेमतेम सहावा हिस्सा तूहोएंकडे राहिला, तोही शेकडो तुकड्यांत.

याच्या मधे 1916 येतं. माउंगापोहातू या पवित्र डोंगराच्या पायथ्याशी रुआ केनाना नावाच्या नेत्याने स्वतःची वस्ती वसवली होती, स्वतःचे नियम, स्वतःची शेती. 2 एप्रिल 1916 ला सत्तरेक सशस्त्र पोलीस तिथे चालून गेले, गोळीबारात रुआचा मुलगा आणि आणखी एक तरुण मेला. रुआवर 47 दिवस खटला चालला. त्याला माफी मिळाली ती 2019 मध्ये, संसदेने कायदा करून. एकशे तीन वर्षं.

आणि मग 1954. क्राउनने घेतलेल्या जमिनीवर नॅशनल पार्क झालं. तूहोएंना विचारलंसुद्धा नाही, हे पुढे क्राउनने स्वतःच्या माफीनाम्यात कबूल केलंय. आता बाहेरून बघा, नॅशनल पार्क ही किती छान गोष्ट वाटते, झाडं वाचली, पक्षी वाचले, ट्रेकिंगच्या वाटा झाल्या, झोपड्या बांधल्या, तलावाभोवतीची 46 किलोमीटरची वाट देशातल्या नामांकित ट्रेकपैकी एक झाली. पण ज्यांच्या आज्या त्या जंगलात औषधं गोळा करायच्या त्यांना आता परवानगी लागायला लागली, शिकारीला नियम, पार्कला लागून असलेल्या त्यांच्याच तुकड्यांवर काय करायचं त्याच्यावरही दबाव. जाळपोळ करणारा सैनिक निदान शत्रू म्हणून ओळखता येतो. रेंजर हसून बोलतो, माहितीपत्रक देतो, आणि त्याच्यामागे सगळा देश उभा असतो कारण तो निसर्ग वाचवतोय. म्हणून ही संस्था हलवणं सगळ्यात अवघड.

दारात आलेली चौकशी

1975 मध्ये वाइतांगी करार मोडल्याच्या माओरींच्या तक्रारी ऐकणारं वाइतांगी ट्रिब्युनल स्थापन झालं आणि 1985 पासून त्याला 1840 पर्यंत मागे जाऊन तक्रारी ऐकायचा अधिकार मिळाला. तूहोएंची सुनावणी सुरू झाली 2003 च्या शेवटी. जानेवारी 2005 मध्ये ट्रिब्युनलचे लोक रुआतोकी या तूहोएंच्या गावी आले तेव्हा तूहोएंनी त्यांचं स्वागत घोड्यांवरून, हाका हा माओरींचा आवेशाचा नाच करत, रस्त्याच्या कडेला आगी लावून केलं, म्हणजे 1869 मध्ये आमच्याकडे कसं दिसत होतं ते जरा बघा. तामे इती या कार्यकर्त्याने जमिनीवर टाकलेल्या झेंड्यावर गोळी झाडली, त्यावर केस झाली, शिक्षा झाली, अपिलात सुटला.

मग 15 ऑक्टोबर 2007. पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याखाली छापे टाकले, रुआतोकीत शस्त्रधारी पोलीस, नाकाबंदी, गाड्या थांबवून लोकांचे फोटो. आणि ही नाकाबंदी लावली कुठे तर 1866 च्या जप्तीच्या रेषेवर. मुद्दाम असेल नसेल, तिथल्या म्हाताऱ्यांना ते मुद्दामच वाटलं. दहशतवादाचे आरोप पुढे गेलेच नाहीत, चौघांना हत्यारांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, आणि नाकाबंदी बेकायदेशीर होती असं पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने 2013 मध्ये म्हटलं. पुढच्या वर्षी पोलीस कमिशनर स्वतः जाऊन माफी मागून आले.

हे एवढं सगळं मागे असताना 2010 चा तो नकार वाचायला हवा. आणि तूहोए तरी टेबल सोडून गेले नाहीत.

मधली वाट

तूहोएंकडून मुख्य बोलणी करत होते तामाती क्रुगर, सरकारकडून मंत्री क्रिस फिनलेसन. पेच साधा होता. तूहोए म्हणत जमीन परत द्या, आधीच्या बाकी सगळ्या अटींपेक्षा हीच मोठी. सरकार म्हणत होतं नॅशनल पार्क एका जमातीला दिलं तर गोरे मतदार आम्हाला सोडणार नाहीत. (हे शब्द माझे, पण राजकारण तेच होतं.) सरकारने आपल्याकडे ठेवलं तर तूहोए सही करणार नाहीत.

तर मग मालकच काढून टाकला. क्राउनने मालकी सोडली हे तूहोए सांगू शकतात, तूहोएंना मालकी दिली नाही हे सरकार सांगू शकतं, आणि दोघंही खरं बोलतात. शिवाय तूहोएंच्या मूळ विचाराशी ते जुळतंही, कारण जमीन ही मालकीची वस्तू आहे हीच कल्पना त्यांच्यावर लादलेली होती. त्यामुळे हे निव्वळ जुगाड आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण जुगाड नाहीच असं म्हणणारा भाबडा. दोन्ही आहे.

जून 2013 मध्ये करारावर सह्या झाल्या. पैशाच्या रूपात साधारण 17 कोटी न्यूझीलंड डॉलर. जुलै 2014 मध्ये दोन कायदे, एक भरपाईचा आणि एक ते उरेवेराचा. 22 ऑगस्ट 2014 ला तानेआतुआ गावात क्राउनच्या वतीने माफी वाचली गेली. त्या गावात तूहोएंनी आधीच आपलं कार्यालय बांधलं होतं, ते कुरा व्हारे, गावातल्याच माणसांनी पाडलेल्या मातीच्या विटा वापरून, पर्यावरणाच्या अत्यंत कडक निकषांवर पास झालेली देशातली पहिली इमारत. सरकार येऊन माफी मागेल तेव्हा आपल्याकडे बसायला आपलं घर असावं, हा विचार मला फार आवडला.

आता कायद्यातल्या बारीक गोष्टी, कारण मजा तिथे आहे.

ते उरेवेराला माणसाचे हक्क, अधिकार, कर्तव्यं आणि देणी, सगळं आहे. पण जंगल स्वतः सही करू शकत नाही म्हणून त्याच्या नावाने वागायला बोर्ड. पहिली तीन वर्षं चार सदस्य तूहोएंचे, चार क्राउनचे. त्यानंतर नऊ, त्यातले सहा तूहोएंचे आणि तीन क्राउनचे. पहिले अध्यक्ष क्रुगरच झाले. निर्णय आधी एकमताने करायचा प्रयत्न, नाही जमलं तर मध्यस्थ. जे बोर्डावर बसतात त्यांनी आपल्याला पाठवणाऱ्याच्या बाजूने नाही तर ते उरेवेराच्या बाजूने बोलायचं. हे चार-चार वरून सहा-तीन होणं ही माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सगळ्यात हुशार ओळ आहे. पहिल्या दिवशी सहा-तीन मागितलं असतं तर अडलं असतं, कायमचं चार-चार ठेवलं असतं तर दर वेळी सरकारच्या हातात नकार राहिला असता. तीन वर्षं एकत्र बसा, सवय होऊ दे, मग आपोआप बदलेल, कुणाला नव्याने मागायला लागणार नाही.

लोकांना येण्या-जाण्याची मोकळीक तशीच ठेवली, नाहीतर ट्रेकवाल्यांनी बोंब मारली असती. जमीन कुणी विकू शकत नाही. खनिजांच्या बाबतीत मात्र क्राउनचाच कायदा लागू ठेवला, म्हणजे जंगल माणूस आहे पण त्याच्या पोटात काय आहे ते अजून सरकारच्या अखत्यारीत. नॅशनल पार्कसारखीच खाणींविरुद्धची बंधनं तिथे आहेत हे खरं, तरी हे वाक्य कायद्यात आहे हे विसरू नये. आणि दरवर्षी एक कामाचा वार्षिक प्लॅन करायचा, तो तूहोएंची संस्था आणि संवर्धन खात्याचे प्रमुख, या दोघांनी मिळून. हा प्लॅन लक्षात ठेवा, पुढे तोच नडणार आहे.

2017 मध्ये बोर्डाने आपला आराखडा काढला, ते कावा ओ ते उरेवेरा. सरकारी मॅनेजमेंट प्लॅन बघितलेत तर झोन एक, झोन दोन, कचऱ्याचं धोरण, पार्किंग. यात सुरुवातच अशी की आम्ही जमीन मॅनेज करत नाही, जमिनीसाठी माणसांना मॅनेज करतो. टुरिस्ट कंपन्यांना जे लायसन्स मिळायचं त्याच्या जागी मैत्रीचा करार आला. हसू येतं पहिल्यांदा वाचताना, मलाही आलं. पण विचार करा, लायसन्समध्ये फी भरली की हक्क मिळतो, मैत्रीत तू या जागेसाठी काय करणार हा प्रश्न आधी येतो. खात्यातली माणसं याच्याशी कशी जुळवून घेत असतील देव जाणे, फायलीवर ‘मैत्री’ असं कसं लिहायचं.

आपल्याकडे काय पोचलं

मार्च 2017 मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने आधी गंगा-यमुनेला आणि मग 30 मार्चला हिमनद्या, जंगलं, धबधबे यांना कायदेशीर व्यक्ती ठरवलं, आणि या दुसऱ्या निकालात ते उरेवेरा कायद्यातला मजकूर उतरवलेला आहे. आपल्याला ही कल्पना नवीन वाटायचं कारणही नाही, देवाच्या नावावर जमीन असते, सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं, देव कोर्टात पक्षकार असतो. पण गावात कुणालाही विचारा, देवाच्या जमिनीचा खरा प्रश्न देव कोण हा नसतो, वहिवाट कुणाची हा असतो.

आणि हायकोर्टाने वहिवाटीला कोण बसवलं? मुख्य सचिव, अॅडव्होकेट जनरल, नमामि गंगेचे संचालक आणि असेच. म्हणजे ज्या सरकारच्या कारभारामुळे नदी घाण झाली तेच तिचे आईबाप. काठावरच्या लोकांपैकी काहींना घ्यायची मोकळीक मुख्य सचिवांना दिली, बस. गंगा-यमुनेच्या निकालाला जुलै 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. राज्य सरकारच म्हणालं होतं की पुरात नुकसान झालं तर भरपाई नदीकडून मागायची का. ते उरेवेराचं वरचं कवच आलं, आतलं सहा-तीन आलं नाही. त्यापेक्षा गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क आणि त्यानंतर बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात यावं म्हणून 2011 पर्यंत झालेली ओढाताण, ही तूहोएंच्या गोष्टीच्या जास्त जवळची आहे. (गोंडांची आणि माओरींची परिस्थिती एक नाही, तुलना ताणू नये.) हक्क मिळाला पण पास देणारा जुनाच, तर माल गेटवरच अडतो.

झोपड्या

आता अवघड भाग. बरेच लेख 2014 लाच संपतात, टाळ्या वाजवून. प्रकरण संपलेलं नाही.

ते उरेवेराच्या जंगलात चाळीसच्या वर झोपड्या होत्या, सरकारी खात्याच्या काळातल्या. हरणं मारायला ठेवलेल्या शिकाऱ्यांसाठी बांधलेल्या कित्येक, नंतर त्यात ट्रेकर राहायला लागले, आणि तूहोएंची पोरंही बापाबरोबर शिकारीला जाताना त्यातच झोपत मोठी झाली. 2022 मध्ये तूहोएंच्या मध्यवर्ती संस्थेने, ते उरू ताउमातुआने, त्या काढायला सुरुवात केली. काही जाळल्या. त्यांचं म्हणणं की या जुन्या आहेत, धोकादायक आहेत, आमच्या विचारात न बसणाऱ्या आहेत, नवीन आमच्या पद्धतीच्या बांधू. जळणाऱ्या झोपडीचे फोटो फिरले आणि देशभर आरडाओरडा झाला. रेडिओवर बोलणाऱ्या काही लोकांना आयतंच सापडलं, बघा यांच्या हातात दिलं की काय होतं. त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही, खात्यानेही याच जंगलात 2016 मध्ये आनिवानिवाचं व्हिजिटर सेंटर पाडलं होतं, जॉन स्कॉट या माओरी आर्किटेक्टने बनवलेलं, वास्तुकलेत नाव असलेलं, ते गळायला लागलं होतं म्हणून. तेव्हा कुणी म्हणालं नाही की गोऱ्यांना इमारती सांभाळता येत नाहीत.

पण कोर्टात गेला तो तूहोएच होता. जमातीतलाच माणूस, म्हणाला की आम्हाला विचारलं नाही. या झोपड्यांत आमच्या आठवणी आहेत, आणि मध्यवर्ती संस्था परस्पर ठरवते. न्यूझीलंडच्या हायकोर्टाने 2022 च्या शेवटी पाडकाम थांबवलं आणि पुढच्या वर्षी निकाल दिला की हे बेकायदेशीर झालं. कारण काय? तर कायद्याने सांगितलेला वार्षिक प्लॅन जागेवर नव्हता. बोर्ड, तूहोएंची संस्था आणि संवर्धन खात्याचे प्रमुख, तिघांवरही ठपका.

मला हा निकाल दोनदा वाचावासा वाटला. एका बाजूने हा तूहोएंवर वसाहतीच्या कोर्टाने उगारलेला हातच, पुन्हा एकदा. दुसऱ्या बाजूने ज्या कायद्यावर कोर्ट उभं राहिलं तो तूहोएंनी स्वतः वाटाघाटी करून घडवलेला, आणि त्याचा आधार घेणारा त्यांचाच माणूस. विचारलं नाही ही तक्रार 1954 च्या पार्कवर होती, तीच 2022 मध्ये तूहोएंच्या संस्थेवर आली. फरक एवढा, आणि तो छोटा नाही, की 1954 मध्ये तूहोए माणसाला अशी तक्रार घेऊन उभं राहायला कायद्यात जागाच नव्हती. आता आहे.

बहुसंख्य तूहोए डोंगराबाहेर राहतात, रोटोरुआ, ऑकलंड, ऑस्ट्रेलिया. डोंगरातली गावं वेगळी, त्यांची त्यांची घराणी वेगळी, तानेआतुआतलं कार्यालय वेगळं. सरकारला बोलणी करायला एक तोंड लागतं म्हणून एक संस्था मोठी होते, हे अशा बऱ्याच सेटलमेंटमध्ये, म्हणजे सरकार आणि जमातींच्या तडजोडींमध्ये घडलंय, आणि मग त्या संस्थेशी गावातल्या माणसाचं नातं तसंच होऊन बसतं जसं आधी खात्याशी होतं. वाटा बुजल्यात, पॉसम (झाडांचा पाला खाणारा, बाहेरून आणलेला प्राणी) आणि उंदीर पकडायचं काम नीट होत नाही अशा तक्रारी बाहेरचे ट्रेकवाले करतात तशा आतलेही करतात. क्रुगर आणि मंडळींचं उत्तर साधारण असं की आम्ही खात्याची नक्कल करायला हे घेतलं नाही, वेळ लागेल. दोन्ही बाजूंना मी थोडा थोडा मानतो. पॉसम मात्र वेळ देत नाही, तो रात्रभर पाला खातो.

अजून एक गोष्ट डोक्यात ठेवावी लागते. न्यूझीलंडमध्ये संसदेच्या वर काही नाही. 1 जुलै 2022 ला तिथे माओरींसाठी वेगळं आरोग्य प्राधिकरण सुरू झालं, सरकार बदललं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये घाईघाईने कायदा केला आणि जूनअखेर ते बंद केलं. जेमतेम दोन वर्षं मिळाली. ते उरेवेराचा कायदाही साध्या बहुमताने बदलता येतो, फक्त तो शतकभराच्या भांडणाच्या तडजोडीतून आलाय, त्यामागे सही केलेला करार आणि वाचलेला माफीनामा आहे, म्हणून त्याला हात लावायला कुणी पटकन धजावत नाही. आरोग्य प्राधिकरण म्हणजे एका सरकारची पॉलिसी होती, दुसऱ्या सरकारने खोडली.

सध्या गाडी पुन्हा त्या वार्षिक प्लॅनवर येते. तो प्लॅन तूहोएंची संस्था एकटी करू शकत नाही, खात्याच्या प्रमुखाबरोबरच करायचा. म्हणजे बोर्डावर सहा-तीन असलं तरी जंगलात कुऱ्हाड, रंग किंवा खिळा घेऊन जायच्या आधी वेलिंग्टनमधल्या एका ऑफिसरची सही लागते, आणि त्या ऑफिसरला तानेआतुआच्या सहीशिवाय एक पाटीसुद्धा बदलता येत नाही. जिथे झोपड्या जळाल्या तिथे आता काय बांधायचं, बांधायचं की नाही, हे त्या दोन सह्यांच्या मधे आहे, आणि कोर्टात गेलेल्या त्या माणसासारख्या लोकांना तोवर तिथे रात्री मुक्कामाला जायचं तर ताडपत्री घेऊनच.